१९६९ ची जीटीओ जज विकायला आहे, ८६,५०० डॉलर सांगतोय, घ्यावी का?

रिकामटेकडा_इंजिनिअर

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांचा नाद असलेले इथे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय, पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी मिशिगनला, नोव्हायमध्ये असतो. इथे आल्यापासून दर ऑगस्टला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ बघायला जातो, फर्नडेलपासून पोंटियाक गावापर्यंत जुन्या गाड्यांची नुसती रांग, आणि आपण कायम कडेला घडीची खुर्ची टाकून बघणाऱ्यांतच का, हा किडा डोक्यात वळवळत असतो. आता थोडे पैसे बाजूला पडलेत आणि बायकोने "बघ, पण डोकं ठिकाणावर ठेवून" एवढी परवानगी दिलीय.

तर ओहायोत टोलीडोजवळ एकाने १९६९ ची पोंटियाक जीटीओ विकायला काढलीय. जाहिरातीत "द जज" असं लिहिलंय, रंग कॅरोसेल रेड म्हणजे तो भडक नारिंगी, बाजूने तीन रंगांचे पट्टे, मागे तो रुंद स्पॉयलर, बॉनेटच्या स्कूपवर रॅम एअरचे स्टिकर, ४०० क्यूबिक इंचाचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि खाली ठळक अक्षरात "४२ हजार ओरिजिनल माइल्स, नंबर्स मॅचिंग". मागतोय ८६,५०० डॉलर, "समोरासमोर थोडंफार बोलू" म्हणतोय. कागद काय आहेत विचारलं तर म्हणे जुने कागद आधीच्या मालकाच्या घरी राहिले पण गाडी शंभर टक्के खरी आहे, मी काय खोटं बोलतो का. आवाजावरून माणूस बरा वाटला, वयस्कर आहे.

फोटोत तर गाडी अशी काही चमकतेय की मी रात्री झोपायच्या आधी परत परत बघतोय. किंमत बरोबर आहे का, आणि बघायला गेलो तर नक्की काय बघायचं? मी सॉफ्टवेअरवाला, पान्याशी संबंध सायकलपुरताच आलाय.

धूर_सोडा

हायला जज!!! भावा विचार कसला करतोस, उचल. ३६६ घोडे, फोर बॅरल कार्ब्युरेटर, नारिंगी रंग, अजून काय पाहिजे माणसाला. या गाड्या आता कुठे बनतायत, पोंटियाक कंपनीच बंद पडली, किंमत वरच जाणार. फोटो टाक रे आधी.

कार्ब्युरेटर_काका

धूरराव, जरा श्वास घ्या. आणि इंजिनिअर, तुम्ही अजून एक पैसाही पाठवला नसाल अशी आशा करतो, "बुकिंगचे हजार डॉलर द्या" वगैरे म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

मूळ मुद्दा असा की जज म्हणजे वेगळी गाडी नव्हतीच. साध्या जीटीओला शालू नेसवला की झाली जज. प्लिमथच्या रोड रनरने स्वस्तात पोरं पळवायला सुरुवात केली म्हणून पोंटियाकने उत्तर म्हणून हे पॅकेज काढलं, आणि करता करता ते जीटीओपेक्षा ३३२ डॉलर महागच होऊन बसलं. पट्टे, स्पॉयलर, स्टिकर, रॅली टू चाकं आणि मुख्य म्हणजे रॅम एअर थ्री इंजिन, ज्याला बॉनेटच्या स्कूपमधून थेट बाहेरची हवा मिळते. यातली इंजिन सोडून प्रत्येक वस्तू आज कॅटलॉगमधून नवीकोरी मिळते, एका वीकएंडला कुणीही आपल्या गॅरेजमध्ये जज तयार करू शकतो आणि करतात. १९६९ साली जीटीओ बनल्या ७२,२८७, त्यातल्या जज फक्त ६,८३३. रस्त्यावर आणि जाहिरातीत किती जज दिसतात ते बघा आणि तुम्हीच हिशेब करा.

आता व्हीआयएनचं, म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेल्या ओळख-नंबराचं. ६९ च्या गाडीचा नंबर ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डवर, काचेतून दिसतो. २४२ ने सुरू झाला तर ती जन्मजात जीटीओ, पुढे ३७ म्हणजे हार्डटॉप किंवा ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल, मग ९ म्हणजे साल, मग कारखान्याचं अक्षर. एवढंच. इंजिन कोणतं, जज आहे की नाही, यातलं काहीही त्या नंबरात नाही. १९६४ आणि ६५ ला तर जीटीओ हीच पोंटियाकच्या लमान्स मॉडेलवरची ऑप्शन होती, जनरल मोटर्सने मधल्या आकाराच्या गाड्यांना ३३० क्यूबिक इंचाची मर्यादा घातली होती ती चुकवायला पोंटियाकचे तेव्हाचे मुख्य इंजिनिअर डीलॉरियन आणि मंडळींनी ३८९ चं इंजिन ऑप्शन म्हणून घुसवलं होतं, त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाड्यांत जीटीओ खरी का खोटी इथपासूनच सुरुवात करावी लागते. ६६ पासून निदान २४२ चा आधार आहे. जजला तोही नाही.

पण पोंटियाकवाल्यांचं नशीब थोर. पीएचएस म्हणजे पोंटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस म्हणून आहे, त्यांच्याकडे कंपनीच्या मूळ बिलांच्या नोंदी आहेत. व्हीआयएन आणि फी पाठवायची, तुमच्या गाडीचं कारखान्यातून डीलरला गेलेलं बिल येतं, त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, रंग आणि ऑप्शन सगळं. जजचा कोड डब्ल्यूटी-१. तो कागदावर असेल तर जज, नसेल तर नाही, विषय संपला. शेव्हरोलेच्या शेव्हेलवाल्यांना असं काही नाही, ते बिचारे पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला बिल्डशीटचा, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्या कारखान्याच्या यादीचा कागद सापडतो का म्हणून गाडीखाली झोपतात.

त्यामुळे "कागद आधीच्या मालकाकडे राहिले" याला काही अर्थ नाही. कागद पीएचएसकडे आहेत. विकणाऱ्याने साठेक वर्षांच्या गाडीला ८६ हजार मागायचे आणि ही छोटीशी फी भरायची नाही, यातच काय ते समजा.

रिकामटेकडा_इंजिनिअर

काका, खूप आभार, हे मला अजिबात माहीत नव्हतं. व्हीआयएन फोटोत दिसतोय, २४२३७९बी असं सुरू होतो. पीएचएसला आजच पाठवतो. तोवर त्याच्याकडून आणखी कुठले फोटो मागवू?

कार्ब्युरेटर_काका

बी म्हणजे बाल्टिमोर. जीटीओ तरी खरी आहे, चला.

दोन फोटो मागवा. एक, बॉनेट उघडून काचेखालच्या पत्र्यावर फिशर बॉडीची (जनरल मोटर्सचा बॉडी बनवणारा विभाग) छोटी पाटी असते तिचा. दुसरा, इंजिनाच्या पुढच्या तोंडावर, पॅसेंजरच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या खाली दोन अक्षरांचा कोड ठोकलेला असतो त्याचा, आणि तिथेच टायमिंग कव्हरच्या बाजूला व्हीआयएनचा शेवटचा भाग असतो तोही. तेल-ग्रीस बसलेलं असेल, त्याला म्हणा फडक्याने पूस. पूस म्हटल्यावर कटकट करायला लागला तर तेही एक उत्तरच.

पोंटियाकच्या इंजिनात एक गोम आहे, ३२६ पासून ४५५ पर्यंत सगळी बाहेरून सारखीच दिसतात. पोंटियाकच्याच बॉनव्हिल गाडीतून काढलेलं इंजिन निळा रंग मारून जीटीओत बसवलं तर भले भले फसतील. तो कोडच काय ते सांगतो.

चुंबकवाला

काका कागदांचं बघतायत, मी पत्र्याचं सांगतो. मी या गाड्या रंगवत नाही पण रंगवणाऱ्याच्या शेजारी गॅरेज आहे माझं, त्यामुळे बाहेरून चकचकीत आणि आतून चाळण अशा गाड्या रोज बघतो.

ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्क म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर मीठच मीठ. ॲरिझोनाची गाडी आणि टोलीडोची गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक. मागच्या चाकांच्या मागचा पत्रा, डिकीचा तळ, मागच्या काचेच्या कडा (विशेषतः कधीकाळी छतावर व्हायनिलचं आवरण असेल तर, त्याच्याखाली पाणी धरून बसतं), पुढच्या फेंडरचा खालचा भाग दाराच्या अलीकडचा, आणि चासीचा मागचा भाग जिथे ॲक्सलच्या वर वळतो तिथे. डिकीतला गालिचा उचलून बघायचाच. नवीन काळा जाड रंग फासलेला असेल तर खाली काय झाकलंय ते विचारायचं.

एक मऊ चुंबक घेऊन जा, फ्रिजला लावायचा असतो तो पातळवाला चालेल, फडक्यात गुंडाळून कडेने फिरवायचा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी. फक्त पुढच्या नाकाला लावून घाबरू नका, ६८ पासून जीटीओचं नाक एंड्युराचं आहे, म्हणजे वरून रबरासारखं मऊ आवरण आणि त्यावर गाडीच्याच रंगाचा रंग, तिथे चुंबक बसणारच नाही. एकाने त्यावरून "ॲक्सिडेंटची गाडी आहे" म्हणून सौदा सोडून दिला होता, आम्ही अजून हसतो.

आणि जायच्या आधी फोनवर सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायचंय. सुरू करताना निळा धूर आला आणि विरला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत, तो खर्च किरकोळ. चालवतानाही निळा धूर येत राहिला तर खिशाला हात लावा.

रिकामटेकडा_इंजिनिअर

फोटो आले!! माणूस खरंच चांगला आहे, कुरकुर न करता पुसून काढले. पाटीवर वर डाव्या कोपऱ्यात ११सी, खाली एसटी ६९ २४२३७ बीएएल आणि पुढे आकडा, आणि पीएनटी ७३ ७३. इंजिनावर वायएस, आणि व्हीआयएनचे शेवटचे आकडे गाडीच्या नंबराशी तंतोतंत जुळतात! म्हणजे नंबर्स मॅचिंग खरं आहे ना? मी तर खूश झालोय.

कार्ब्युरेटर_काका

खूश व्हा, पण वेगळ्या कारणासाठी.

११सी म्हणजे अकराव्या महिन्याचा तिसरा आठवडा, ६९ मॉडेलची गाडी म्हणजे नोव्हेंबर १९६८. जजची घोषणाच डिसेंबर १९६८ ला झाली. ही गाडी बाल्टिमोरच्या लाइनवर बांधली जात होती तेव्हा जज बाजारातही नव्हती.

पीएनटी ७३ म्हणजे व्हर्डोरो ग्रीन, गडद हिरवा. जन्माला हिरवी आलेली गाडी पुढे कुणीतरी नारिंगी केलीय. हिरवी असणं हा स्वतः पुरावा नाही बरं का, जज नंतर दुसऱ्या रंगांतही आल्या, फक्त नारिंगीच असते हा एक गैरसमज आहे. पण तारखेसमोर काही चालत नाही.

वायएस म्हणजे ३५० हॉर्सपॉवरचं नेहमीचं ४०० इंजिन, ऑटोमॅटिकसोबत येणारं. रॅम एअर थ्री ऑटोमॅटिकला वायझेड कोड लागतो. डॅशबोर्डखाली रॅम एअरच्या झडपा उघडायची खुंटी आहे का बघा, नसणार. साध्या जीटीओचे स्कूप आतून बंद असतात, स्टिकर लावल्याने हवा आत जात नाही.

आणि नंबर जुळले म्हणजे काय, ते इंजिन याच गाडीचं आहे एवढंच. ते खरं आहे आणि ती मोठी गोष्ट आहे! पण "नंबर्स मॅचिंग" आणि "जज" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, त्याने शेजारी शेजारी लिहिली आणि तुम्ही एकत्र वाचली. बहुतेक त्यालाही आधीच्याने असंच वाचायला लावलं असेल, माणूस लबाड आहे असं मला तरी वाटत नाही.

धूर_सोडा

काका तुम्ही माझा दिवस खराब केला. पण एक सांगा, ४२ हजार माइल्स तरी खरे ना?

चुंबकवाला

मीटरला पाचच आकडे असतात रे त्या गाड्यांच्या. ९९,९९९ नंतर परत शून्य. ४२ हजार असतील नाहीतर १ लाख ४२ हजार, कागदोपत्री सर्व्हिसच्या पावत्या नसतील तर दोन्ही सारखंच. ब्रेकचा पेडल किती झिजलाय, ड्रायव्हरच्या दाराचं बिजागर उचलून बघितलं तर किती खाली-वर होतं, त्यावरून अंदाज येतो. आणि गाडीचा इतिहास काढून देणारं कारफॅक्स वगैरे विसर, ते सतरा आकड्यांच्या नंबरांवर चालतं, ते १९८१ पासून आले.

रिकामटेकडा_इंजिनिअर

पीएचएसचे कागद आले. काकांनी सांगितलं तसंच, डब्ल्यूटी-१ कुठेही नाही. व्हर्डोरो ग्रीन, ४०० फोर बॅरल, टर्बो हायड्रामॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक, रेडिओ. बातमी वाईट आहे पण खरं सांगू का, तो जुना टाइप केलेला कागद बघून गाडी जरा जास्तच आवडायला लागली.

विकणाऱ्याला पाठवला. दिवसभर काही बोलला नाही, मग फोन आला की मलाही जज म्हणूनच विकली होती हो. आता ५८ हजार म्हणतोय. घेऊ? का सोडून देऊ आणि खरी जज शोधू?

हिशेबनीस

५८ जास्त आहेत. व्यवस्थित चालणारी, खरी ६९ हार्डटॉप, ३५० वाली, ऑटोमॅटिक, कागदासकट, अशी गाडी चाळिशीच्या घरात मिळते आणि फार देखणी असेल तर पन्नाशीला टेकते. खरी रॅम एअर थ्री जज त्याच्या दुप्पट. आता या गाडीचा रंग मूळ नाही, परत हिरवी करायची म्हटली तर नीट काम, काचा-पट्ट्या उतरवून, दाराच्या आतल्या कडा आणि डिकीसकट, पंधरा-वीस हजारांच्या खाली होत नाही. आणि नारिंगीच ठेवली तर विकताना पुढचा माणूस हेच सगळे प्रश्न विचारणार. मी असतो तर ४४ पासून सुरू केलं असतं.

वर ६ टक्के टॅक्स मिशिगनला भरायचाय टायटल (मालकीचा कागद) नावावर करताना, तो बजेटमध्ये धरा, लोक विसरतात.

ओहायोचं टायटल असेल तर विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हायला लागते. आधीच सही करून ठेवलेलं आणि खरेदीदाराचं नाव कोरं ठेवलेलं टायटल दाखवलं तर घेऊ नका. टायटलवर नाव त्याचंच आहे का बघा, आणि डॅशवरच्या व्हीआयएनच्या पट्टीचे रिव्हेट फुलाच्या पाकळ्यांसारखे हवेत, साधे गोल पॉप रिव्हेट दिसले तर गाडी कितीही सुंदर असो, घरी परत.

इन्शुरन्स रोजच्या गाडीच्या पॉलिसीत घालू नका. जुन्या गाड्यांची वेगळी पॉलिसी मिळते, हॅगर्टी तर तुमच्या मिशिगनचीच, ट्रॅव्हर्स सिटीची. त्यात "ॲग्रीड व्हॅल्यू" शब्द हवा, म्हणजे गाडी गेली तर ठरलेली रक्कम पूर्ण. "स्टेटेड व्हॅल्यू" ऐकायला तसंच वाटतं पण तिथे कंपनी कमी देऊ शकते. आणि तिथे जज म्हणून लिहू नका.

स्पष्टवक्ती

सगळे पुरुष मंडळी पत्रा आणि कागदात रमलेत म्हणून विचारते, मुलांना मागे बसवणार आहात का? तुम्ही लिहिलं नाहीत पण ड्रीम क्रूझला घरच्यांना घेऊनच जाणार ना. ६९ च्या गाडीत मागे फक्त कमरेचे पट्टे असतात, खांद्याचे नाहीत. बूस्टर सीटला कमरेचा आणि खांद्याचा दोन्ही पट्टा लागतो, त्यामुळे बूस्टरच्या वयाचं मूल असेल तर ते बसणारच नाही नीट. मागे तीन पॉइंटचे बेल्ट बसवून मिळतात, पण ते करणाऱ्याला नीट आधार पकडून बसवायला सांगा, नुसत्या पत्र्यात स्क्रू मारून नाही. आमच्याकडे नवऱ्याच्या ६७ च्या गाडीत ते केल्याशिवाय मी मुलीला बसू दिलं नव्हतं आणि महिनाभर घरात शांतता होती.

पुढे डिस्क ब्रेक आहेत हे वाचून बरं वाटलं. त्या काळी चारही ड्रमवर या गाड्या विकायचे, साडेतीनशे हॉर्सपॉवर आणि ड्रम ब्रेक, कोणाची अक्कल देव जाणे.

रिकामटेकडा_इंजिनिअर

ताई, बरोबर पकडलंत, धाकटा बूस्टरमध्येच आहे. हे खर्चाच्या यादीत घातलं.

काका, चालवायला कशी असते ही गाडी? मी आजवर एकदाही चालवलेली नाही, फक्त बघितलीय.

कार्ब्युरेटर_काका

मजेशीर. पहिल्यांदा वाटेल स्टिअरिंग कशाला जोडलेलंच नाही, बोटाने फिरतं आणि गाडी जरा विचार करून वळते. सरळ रस्त्यावर पाय दाबला की मात्र कार्ब्युरेटरची सेकंडरी तोंडं उघडतात आणि तो घोगरा आवाज येतो, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. तेव्हाचे ३५० हॉर्सपॉवर ग्रॉस आहेत, म्हणजे इंजिन एकटं टेबलवर ठेवून मोजलेले, १९७२ पासून नेट आकडे द्यायला लागले. त्यामुळे आजच्या गाडीच्या ३५० शी तुलना करू नका, आजची चारचाकी फॅमिली गाडीही सिग्नलला मागे टाकेल, टाकू द्या.

पेट्रोल ९३ ऑक्टेनचंच घाला. १०.७५ चं कॉम्प्रेशन आहे मूळ, त्यावेळच्या शिसेवाल्या सुपर पेट्रोलसाठी बनवलेलं, ८७ घातलं तर चढावर खडखड ऐकू येईल. इथेनॉलने जुने रबरी पाइप मऊ पडतात, ते आधी बदलून घ्या, आग लागायची कामं आहेत ती. तेल जस्तवालं घ्या, जुन्या पद्धतीच्या कॅमला आजचं साधं तेल पुरत नाही.

आणि एक महत्त्वाचं. तो अभिमानाने म्हणेल की इंजिन कधीच उघडलेलं नाही. तसं असेल तर टायमिंगच्या कॅमवरच्या चाकाला नायलॉनचे दाते असतील, कंपनीने आवाज कमी व्हावा म्हणून बसवलेले. वय झालं की ते तुटून खाली तेलाच्या पॅनमध्ये पडतात आणि तेलपंपाची जाळी बंद करतात. लोखंडी सेट टाकायला फार खर्च नाही, पण पहिल्या लांबच्या फेरीआधी करा. मागच्या मेन सीलमधून थोडं तेल गळेल, दोरीचं सील असतं, पोंटियाक आहे, गळणारच, खाली पुठ्ठा टाका.

नंबर प्लेटचं पण सांगतो. मिशिगनमध्ये २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते, ती शो, परेड, क्लबच्या कार्यक्रमांसाठी, पण ऑगस्ट महिनाभर कशालाही चालवता येते, वुडवर्डचीच सोय म्हणा ना. एरवी पण ऑफिसला न्यायची असेल तर साधी प्लेट घ्या. धुराची टेस्ट मिशिगनला नाहीच.

रिकामटेकडा_इंजिनिअर

अपडेट. चुंबक घेऊन जाऊन आलो, तिथल्याच एका गॅरेजवाल्याला पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवली. चासी चांगली आहे. डिकीच्या तळाला एक मोठा ठिगळ, वेल्डिंग बरं आहे म्हणे. डाव्या मागच्या चाकामागे हातभर पुट्टी, चुंबक सरळ घसरला. थंड इंजिन लगेच सुरू झालं, थोडा निळा धूर, मग स्वच्छ. रॅम एअरची खुंटी नाही. रिव्हेट पाकळ्यांचे आहेत. मागच्या सीटखाली एका कोपऱ्यात मूळ हिरवा रंग अजून दिसतो!

मी ४४ म्हटलं, तो ५० म्हणाला, पुट्टी दाखवली, ४६,५०० ला तुटलं. पुढच्या आठवड्यात नोटरीकडे भेटतोय, ट्रेलर सांगितलाय.

धूर_सोडा

अभिनंदन भावा!!! पट्टे ठेवणार ना पण? नारिंगी आणि पट्टे, लै भारी दिसेल वुडवर्डला.

रिकामटेकडा_इंजिनिअर

यंदा तशीच फिरवणार, रंगाचे पैसे नाहीत आता. जजची अक्षरं आणि रॅम एअरचे स्टिकर मात्र आधी काढणार, वुडवर्डला काकांसारखे शंभर जण असतील, प्रत्येकाला उत्तर देत बसायची ताकद नाही माझ्यात. पुढे जमेल तेव्हा हिरवी.

कार्ब्युरेटर_काका

स्टिकर काढताना हेअर ड्रायरने गरम करा, पात्याने खरवडू नका. स्पॉयलर काढलात तर डिकीच्या झाकणाला भोकं दिसतील, तो रंगाच्या वेळेपर्यंत राहू द्या. पीएचएसचा कागद गाडीत ठेवू नका, कॉपी ठेवा.

मोपारप्रेमी

धागा वाचून भीती वाटायला लागली. मला एकजण ७१ चा डॉज चार्जर आर/टी दाखवतोय ४४० चा, त्याला असं पीएचएससारखं काही आहे का?

चुंबकवाला

तुमचं सोपं आहे, क्रायस्लरने व्हीआयएनमध्येच बरंच लिहून ठेवलंय. ७१ आर/टी असेल तर डब्ल्यूएस२३ ने सुरू हवा, आणि पाचवं अक्षर इंजिनाचं, यू म्हणजे ४४० फोर बॅरल, व्ही म्हणजे सिक्स पॅक, आर म्हणजे हेमी. बॉनेटखाली आतल्या फेंडरवर टॅग असतो त्याचा फोटो घ्या, सीटच्या स्प्रिंगमध्ये ब्रॉडकास्ट शीट (क्रायस्लरची बिल्डशीट) अडकलेली मिळते का बघा. बाकीचं नवीन धागा काढून विचारा, इथे इंजिनिअरला अजून ट्रेलरवाल्याचं भाडं ठरवायचंय.